साहेबांच्या आधी उठणारा माणूस

समजावून सांगणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण समजावून झाल्यावर समोरच्याला आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं व्हावं, ही विद्या साऱ्या गडचिरोलीत एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस साडेचार वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. त्यांनी मला एकदा एसटीचं बदललेलं वेळापत्रक समजावून दिलं. ते ऐकायच्या आधी मी सावलीला बरोबर जात होतो. ऐकल्यावर आरमोरीला उतरलो. बरं, यात त्यांचा दोष काढायचीही सोय नव्हती, कारण ते सांगत असत ते शंभर टक्के खरं असे. घोळ असायचा तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात, आणि आमच्या कार्यालयातली सगळी डोकी त्या बाबतीत सारखीच होती.

आमचं कार्यालय म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि साहेबांची केबिन. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या तलावांची नोंद ठेवायची, एवढंच आमचं काम. कुठला तलाव कुठल्या गावाचा, पाळ किती लांब, पाणी किती एकरांत, मासे धरायचा हक्क कोणाचा, हे सगळं पिढ्यानपिढ्या लाल कापडात बांधलेलं होतं. दोन हजार सालानंतर कधीतरी वरून हुकूम आला की हे सगळं संगणकात चढवा, आणि हुकमाच्या मागोमाग पाच यंत्रं आली, आणि यंत्रांच्या मागोमाग हे गृहस्थ आले. सावलीजवळच्या एका खेड्यातले. घरी धानाची थोडी शेती, आणि बाप-भाऊ तलावात मासे धरणारे. नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की एक दिवस खंड, मग साहेबांची सही झाली तर पुन्हा अकरा महिने. सही नाही झाली तर घरी. सगळे त्यांना कंप्युटरभाऊ म्हणत.

तो खंडाचा दिवस ते कसा घालवत, हे पाहण्यासारखं असायचं. त्या दिवशी ते नोकर नसत, म्हणून कार्यालयात पाऊल टाकत नसत. पण घरीही राहत नसत. सकाळच्या एसटीने नेहमीसारखे यायचे, आणि फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसायचे. आत काही अडलं की शिपाई धावत बाहेर जायचा, ते त्याला समजावून सांगायचे, शिपाई आत येईपर्यंत ते विसरायचा, आणि पुन्हा बाहेर जायचा. एका वर्षी तर दुपारपर्यंत शिपायाने तीस-चाळीस चकरा मारल्या असतील. शेवटी बडेबाबू, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, वैतागून म्हणाले की त्यांना आत तरी बोलवा. ते आले नाहीत. म्हणाले, आज मी इथला नाई जी, उद्या येतो.

कुठलीही गोष्ट एकदम बंद करणं त्यांच्या हातून होत नसे. पंखा पाचवर असेल तर आधी चारवर आणायचे, थोडं थांबायचे, मग तीन, मग दोन, मग एक, आणि मग पंख्याकडे एकदा वर पाहून बटण दाबायचे. एखादा घाईत येऊन खटकन बटण बंद करून गेला की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखी कळ उमटायची. फोनचं तेच. समोरच्याने ठेवल्याशिवाय ते रिसीव्हर ठेवत नसत. त्यांच्या दुर्दैवाने त्यांचे थोरले मेव्हणे नेमके त्याच स्वभावाचे होते. एकदा त्यांचा फोन कार्यालयात आला. बोलणं पाच मिनिटांत संपलं. त्यानंतर पाव तास दोघंही आपापल्या टोकाला रिसीव्हर कानाला लावून, अधूनमधून "हं" म्हणत, दुसऱ्याच्या ठेवण्याची वाट पाहत होते. शेवटी बडेबाबूंनी वायरच काढली. कंप्युटरभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मला आजही पुरती कळलेली नाही, तेव्हा जशी कळली तशी सांगतो.

पाच यंत्रांपैकी चार छोटी आणि एक मोठं. मोठं यंत्र सगळ्यात महाग, म्हणून ते साहेबांच्या केबिनमध्ये, जिथे एसी होता. छोटी चार आमच्या टेबलांवर. सगळे तलाव राहत होते मोठ्या यंत्रात. पण छोट्या यंत्रांवर बसून पाहिलं की वाटायचं, तलाव याच यंत्रात आहेत. मी कंप्युटरभाऊंना विचारलं, हे कसं? त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. हे झालं की आम्ही मनातल्या मनात देवाचं नाव घेत असू.

त्यांनी विचारलं, तुमच्या घरी फ्रिज आहे का. मी म्हटलं नाही. शेजाऱ्याकडे? आहे. मग समजा, तुम्ही तुमचं दूध शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये ठेवता. रोज जाता, आणता, ठेवता. इतकी सवय झाली की तो फ्रिज तुम्हाला आपलाच वाटतो. एके दिवशी शेजारी कुलूप लावून गावाला गेला. तुम्ही पातेलं घेऊन दारात. आता तुमचं दूध तर आत आहे, ते घेतल्याशिवाय तुम्ही घरी जाऊन झोपणार कसे? म्हणून तुम्ही कडी वाजवता, थांबता, पुन्हा वाजवता. छोट्या यंत्राने मोठ्याचा कप्पा असा आपला म्हणून जोडून घेतला, त्याला माउंट म्हणायचं. रात्री निजायच्या आधी तो जोड सोडवायचा असतो, आपलं दूध घेऊन शेजाऱ्याला सांगून निघायचं असतं. पण ते शेजारी घरी असतानाच.

मला सगळं समजलं. मग मी घरी गेलो आणि बायकोला विचारलं, आपलं दूध शेजारी का ठेवतेस? ती म्हणाली आपण कधी ठेवलं? त्यावर जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. बडेबाबूंनी पलीकडून अर्धवट ऐकलं होतं. त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं की छोट्या यंत्रांना गारव्याची आवश्यकता असून चार शीतकपाटे मंजूर व्हावीत. ते पत्र माझ्याच हाताने जावकमध्ये चढलं.

हे सगळं निघालं ते यासाठी की आमची छोटी यंत्रं संध्याकाळी बंद होत नसत. बंद करायची आज्ञा दिली की पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकायच्या, आणि मग एका ओळीवर येऊन यंत्र अडून बसायचं. सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग. म्हणजे मोठा उत्तर देत नाही, माझा प्रयत्न चालू आहे. हा प्रयत्न पाच मिनिटं चालायचा, पंधरा मिनिटं चालायचा, सकाळी येऊन पाहावं तर चालूच असायचा. आम्ही सगळे बुचकळ्यात पडलो. शिपायाचं म्हणणं, त्या कोपऱ्यात आधी साप निघाला होता. बडेबाबूंचं म्हणणं गारव्याचं. नागपूरहून एक इंजिनिअर आला, तासभर खाली वाकून वायरी पाहून गेला आणि म्हणाला, दुपारी तर व्यवस्थित बंद होतात. ते खरं होतं. दुपारी होत होती. संध्याकाळीच होत नव्हती. त्यामुळे तर साप आणखीच खरा वाटायला लागला.

कारण शोधलं कंप्युटरभाऊंनी, आणि ते इतकं साधं होतं की कोणाला बोलायचा धीर झाला नाही. आमच्याकडे संध्याकाळी पहिल्यांदा साहेब उठतात. साहेबांच्या आधी बाबूने उठायचं नाही, हे काही छापील नियमावलीत नव्हतं, पण आईने ताटावर कसं बसायचं शिकवावं तसं ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेब पाचच्या सुमाराला उठायचे. उठण्याआधी आपलं ते मोठं यंत्र स्वतःच्या हाताने बंद करायचे, तो त्यांचा मान होता. जीप फाटकाबाहेर पडली की मग आम्ही हुश्श करून आपली छोटी यंत्रं बंद करायला घ्यायचो. तोवर शेजारी गावाला गेलेला असायचा. म्हणजे माणसांत मोठा आधी जातो आणि छोटे मागून, आणि यंत्रांत छोट्यांनी आधी जायचं आणि मोठ्याने सगळ्यांचा निरोप घेऊन शेवटी. आमच्या कार्यालयाने यंत्रांनाही माणसांची रीत लावली होती.

तोवर यावर शिपायाने आपला उपाय काढला होता, तो म्हणजे मेन स्विच. साहेब गेले, आम्ही गेलो, की तो खटका ओढायचा. कंप्युटरभाऊ असेपर्यंत ओढू देत नसत, पण त्यांना सावलीची बस धरायची असे. अशाच एका संध्याकाळी गोंडपिपरीकडचा एक तलाव अर्धा लिहून झालेला होता. सकाळी त्याचं नाव होतं, गाव होतं, आणि पाण्याखालचं क्षेत्र शून्य. कोणाच्या लक्षात आलं नाही. दोन महिन्यांनी तिथल्या मासेमारांना कागद गेला की आपल्या नावे तलाव दिसत नाही. आठ दिवसांनी एक म्हातारा आणि दोन बाया पितळी गंज, म्हणजे खोल पातेलं, घेऊन आल्या आणि तो गंज त्यांनी बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला. आत पाण्यात जिवंत मरळ होती, हातभर लांब.

म्हातारा म्हणाला, "आमचा तलाव कुठी गेला ते तुमी सांगा जी. ही सकाळी त्यातच होती."

मरळीने शेपूट मारली आणि आवक-जावक दोन्ही रजिस्टरं भिजली. बडेबाबू पुराव्याकडे पाहत राहिले. पण कंप्युटरभाऊंना मी त्या दिवशी पहिल्यांदा हललेलं पाहिलं. तलाव हरवणं म्हणजे काय, हे आमच्यात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या तिघांना चहा पाजला, लाल कापड सोडून जुना कागद काढला, तलाव पुन्हा चढवून दिला, आणि मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले की आता साहेबांना सांगावं लागेल.

मी त्यांना परोपरीने सांगितलं की असं करू नका. करार महिन्याभरात संपत होता. सही त्याच साहेबांची. ज्या माणसाच्या सहीवर आपली चूल, त्याला जाऊन कसं सांगायचं की तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जात जा? घरी दोन मुली, मोठी दहावीला. नागपूरच्या त्या इंजिनिअरने फोनवर एक पळवाट सुचवली होती, की जोडणी मऊ करून टाका, म्हणजे छोटं यंत्र थोडा वेळ वाट पाहील आणि मग नाद सोडून निजेल. मी म्हटलं, करा ना मऊ. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मऊ केला का तो वाट पायत नाई, हे खरं, पण हातातला तलाव अर्धा टाकून जाते. तसा मी करत नाई.

आणि गेले ते केबिनमध्ये. मी एका नस्तीचं, म्हणजे फायलीचं, निमित्त करून मागे गेलो. साहेब पश्चिमेकडचे, साताऱ्याच्या बाजूचे. आमची बोली त्यांना निम्मीच कळायची, आणि त्यात कंप्युटरभाऊंनी फ्रिजपासून सुरुवात केली. साहेबांचा चेहरा हळूहळू माझ्या ओळखीचा होत गेला. दूध कोणाचं, शेजारी कोण, हे दोनदा विचारून झाल्यावर ते थकून म्हणाले, "थोडक्यात सांगा. यंत्रं बंद का होत नाहीत?"

"तुमी आधी जाता म्हणून, साहेब."

मला वाटलं आता छत खाली येणार. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मी शेवटी जायचं?"

"हो जी. चारही झोपले का मग तुमचा मोठा झोपवायचा. मग तुमी."

साहेबांनी एकदा त्या मोठ्या यंत्राकडे पाहिलं. ते चांगले होते हो. त्यांना काही कळलं नव्हतं, पण समोरचा माणूस खोटं बोलत नाही एवढं कळलं होतं. म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून मी थांबतो.

उद्या उजाडला. पाच वाजले, साहेब उठले नाहीत. आम्हीही उठलो नाही. पावणेसहाला कार्यालयाची वेळ संपली. साहेब आत बसून होते, कारण बाहेरची चार यंत्रं अजून चालू होती. आम्ही बाहेर बसून होतो, कारण साहेब अजून आत होते. सव्वासहाला साहेबांनी शिपायाला विचारलं, काम संपलं नाही का? शिपायाने डोकावून पाहिलं आणि सांगितलं, सगळे बसले आहेत साहेब. साहेबांना आमच्या कामसूपणाचं नवल वाटलं असावं, ते आणखी ठाम बसले. इकडे बडेबाबूंनी शिपायाला विचारलं, साहेब काय करतात? बसले आहेत. बडेबाबूंनी नवी नस्ती उघडली. मी एक जुनं परिपत्रक तिसऱ्यांदा वाचत होतो. डास चावायला लागले. साडेसहा झाले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मला खरंच कळेना की आपण कशासाठी बसलो आहोत, आणि उठायचं असेल तर नेमकं कोणी उठायचं असतं.

सातला सावलीकडची शेवटची बस होती. कंप्युटरभाऊ एकदा केबिनच्या दाराकडे, एकदा आमच्याकडे पाहत होते. अचानक त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, भाऊ, हे तर आपणच अटकलो जी. आणि उठले. कार्यालयात सगळ्यात कच्च्या नोकरीचा माणूस साहेबांच्या आधी उठला. एकेका टेबलाशी जाऊन त्यांनी आमच्या हाताखालची यंत्रं बंद करायला घेतली. पांढऱ्या ओळी सरकल्या आणि कुठेही न अडता पडदे एकामागून एक काळे झाले. बडेबाबूंचं शेवटचं. मग दारात जाऊन ते म्हणाले, "साहेब, चारही गेले. मोठा बंद करा, मी निघतो." साहेब सुटल्यासारखे उठले. त्यांनाही घर होतं.

महिनाभराने साहेबांनी करारावर सही केली, आणि हीच रीत पडली. पावणेसहाच्या ठोक्याला कंप्युटरभाऊ उठायचे, चार यंत्रं बंद करायचे, दारात जाऊन साहेबांना सांगायचे आणि बस धरायचे. मग साहेब, मग आम्ही. जवळजवळ दोन वर्षं असं चाललं. दोन वर्षांत एकही तलाव हरवला नाही. इतकं असूनही बडेबाबूंना रोज पावणेसहाला ठसका लागायचा. त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. एकतीस वर्षांत ते एकदाही अधिकाऱ्याच्या आधी उठले नव्हते. त्यांचा मुलगा झाला त्या दिवशीसुद्धा ते साहेबांची जीप जाईपर्यंत बसले होते, हे ते अभिमानाने सांगत. अशा माणसासमोर रोज एक कंत्राटी उठून जायचा. ते त्यांना कसं सोसावं?

साहेबांची बदली झाली. नवे साहेब शिस्तीचे होते, आणि नवखे असल्याने बडेबाबूंना विचारून चालत. त्यांनी आल्या आल्या सगळं पूर्ववत केलं. पाचला ते मोठं यंत्र बंद करून निघत. आणि त्याच महिन्यात कंप्युटरभाऊंच्या कराराची नस्ती निघाली. ती चालवायचं काम माझ्याकडे होतं. बडेबाबूंनी शेरा सांगितला, मी नोटशीटवर लिहिला: सदर कर्मचारी अधिकाऱ्यांच्या आधी कार्यालय सोडतात. आधीच्या साहेबांच्या त्या दोन वर्षांपुरतं वाक्य खोटं नव्हतं. पण कार्यालयाची वेळ संपल्यावर सोडतात, हे त्याच्यापुढे लिहायला हवं होतं, आणि का सोडतात हेही. जागाही होती, निम्मा कागद कोरा होता. मी पेन उघडंच धरून थोडा वेळ बसलो. बडेबाबू म्हणाले, झालं ना? मी म्हटलं, झालं. साहेबांनी नवं करारपत्र न करण्याचा आदेश दिला. मला त्या वेळी वाटलं होतं की माझ्या दोन ओळींनी काही फरक पडला नसता. अजूनही अधूनमधून तसं वाटून पाहतो.

त्यांचा शेवटचा दिवस असाच कुठलाही होता. कंत्राटी माणसाला निरोपसमारंभ नसतो. शिपायाने आलूबोंडे आणले, तेवढंच. साहेब पाचला मोठं यंत्र बंद करून गेले. बडेबाबू गेले, बाकीचे गेले. कंप्युटरभाऊंनी आपलं यंत्र बंद करायला घेतलं, आणि ते त्या ओळीवर अडलं. बाकीची तीनही तशीच अडून होती. ते खुर्चीत मागे टेकून बसले.

मी म्हटलं, "चला आता. तुमची नोकरी संपली. स्विच काढा नाहीतर राहू द्या, आता तुम्हाला काय करायचं?"

"तो वाट पाहून राह्यला, भाऊ," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "त्याच्या हातात आज चढवलेला तलाव हाये. त्याले असा टाकून मी कसा जाऊ?"

मग ते उठले आणि शिपायाकडून केबिनची किल्ली घेतली. साहेबांच्या खुर्चीत न बसता, उभ्याउभ्याच, त्यांनी मोठं यंत्र पुन्हा चालू केलं. त्याला जागं व्हायला चांगली पाच-सात मिनिटं लागली. मी बाहेर चार पडद्यांसमोर उभा होतो. काय होणार आहे ते मला माहीत नव्हतं. आणि एकाएकी चारही पडद्यांवर नवी ओळ उमटली, की मोठा उत्तर देतो आहे. बाकीच्या ओळी भरभर सरकल्या आणि यंत्रं एकेक करून निजली. मग त्यांनी आतलं बंद केलं, केबिनला कुलूप लावलं, किल्ली शिपायाला दिली. त्या संध्याकाळी सगळ्यात शेवटी उठलेला माणूस तोच होता.

फाटकाशी ते म्हणाले, साहेब उठायच्या आधी ते चार बंद करत जाजा, दोन मिनिटांचं काम हाये. मी हो म्हटलं. मग जराही कडवटपणा न आणता ते म्हणाले, "नोटशीट वाचली मी. अक्षर लय सुंदर हाये जी तुमचं."

दुसऱ्या दिवशी पाचला पाच कमी असताना मी उठायचं ठरवलं होतं. खुर्ची सरकवलीसुद्धा. बडेबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. मी पाणी प्यायल्यासारखं केलं आणि पुन्हा बसलो. साहेब गेले, आम्ही गेलो, आणि व्हरांड्यात शिपायाने खटका ओढल्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. पुढे कधी जमलं, बहुतेक वेळा नाही. ते गोंडपिपरीला संगणक शिकवतात असं मध्ये ऐकलं, म्हणजे त्या तालुक्यातली मुलं आज सगळी गोंधळलेली असणार, आणि त्यांचं कामही सगळं नीट असणार.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. ती नस्ती कुठल्या कापडात आहे कोण जाणे. त्या कोऱ्या अर्ध्या कागदावर लिहायचं राहिलं होतं ते एवढंच: सदर कर्मचारी कार्यालयाची वेळ संपल्यानंतरच उठतात. ते आधी उठतात म्हणून मागचं सगळं नीट बंद होतं. करारास मुदतवाढ द्यावी, अशी शिफारस आहे. खाली माझी सही.